परत जायचं ठिकाण

(पत्र थोडक्यात देत आहे.)

"आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलं अकरा आणि सहा वर्षांची. दर डिसेंबरला सुट्टी म्हणजे फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड, तेच हॉटेल, जमलं तर तोच मजला. नवरा नऊ वर्षांचा असल्यापासून आईवडिलांबरोबर तिथे जायचा. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. आता तो म्हणतो, तिथल्या व्हेकेशन क्लबचे पॉइंट्स (म्हणजे दर वर्षी तिथल्या हॉटेलात राहायचा हक्क) विकत घेऊ, कायमची सोय होईल. माझी आई साताऱ्यात एकटी आहे, तिला भेटून तीन वर्षं झाली. तेच तेच बघायला इतका पैसा आणि इतकी रजा का घालवायची? नाही म्हटलं की तो गप्प होतो आणि मुलं रुसतात."

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या मूळ पत्रात पार्कबद्दल दोन पानं आहेत आणि आईबद्दल जेमतेम दोन ओळी. मला त्या दोन ओळींकडे यायचंच आहे, पण आधी तुझ्या नवऱ्याबद्दल.

लहानपणी आम्ही दर मे महिन्यात आजोळी गुहागरला जायचो. तोच समुद्र, तीच पडवी. माजघराच्या दाराच्या चौकटीवर मामा पेन्सिलीने आमच्या उंचीच्या रेघा मारायचा आणि आम्ही गेल्या वर्षीची रेघ शोधायचो. "पुन्हा गुहागरच का?" असं आम्हाला कुणी कधी विचारलं नाही. तुझा नवरा नऊ वर्षांचा असताना अमेरिकेत आला आणि वडिलांच्या नोकरीपायी सहा वर्षांत पाच घरं आणि तीन शाळा बदलल्या, हे तूच लिहिलंयस. त्या सहा वर्षांत एकच जागा जिथल्या तिथे राहिली. दोन दिवस गाडी चालवून गेलं की तोच किल्ला, तीच बोट, आणि बाकावर बसून दशम्या काढणारी आई. त्याचं आजोळ तिथे आहे, बाई.

ती जागा तशी बांधलेलीही आहे. 1955 मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा कुंपणाबाहेर बघता बघता मोटेलांची आणि दुकानांची गर्दी झाली. वॉल्ट डिस्नेला ती खटकली. म्हणून फ्लोरिडात त्याने पंचवीस हजार एकरांहून जास्त जमीन घेतली, म्हणजे हॉटेलं आतच असतील आणि बाहेरचं जग नजरेआड राहील. तो 1966 मध्ये वारला. थोरल्या भावाने, रॉयने, निवृत्ती पुढे ढकलून 1 ऑक्टोबर 1971 ला डिस्ने वर्ल्ड उघडलं आणि त्याच डिसेंबरात तोही वारला. अजूनही तिथे पोचलं की गाडीची किल्ली बाजूला ठेवायची, आणि बोट, मोनोरेल किंवा बस तुम्हाला नेते. नव्या गावात प्रवाशाला जे शंभर निर्णय घ्यावे लागतात, ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला उरतच नाहीत. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड', 'हाँटेड मॅन्शन' पहिल्या दिवसांपासून चालू आहेत, त्यामुळे आजोबा, बाप आणि नातू एकाच राइडमध्ये बसू शकतात. आणि चौकटीवरच्या रेघा तिथेही आहेत. स्पेस माउंटन या राइडला 44 इंच उंची लागते. तुझा धाकटा पुढच्या खेपेला त्या पट्टीच्या वर जाईल, तेव्हा तुझ्या नवऱ्याचा चेहरा बघ.

पण आई गेल्यावर अशी जागा जास्तच घट्ट धरावीशी वाटते. 2025 मध्ये तिथली जुनी नदी आणि तिच्यातली वाफेची बोट बंद झाली. तुझा नवरा त्यानंतर दोन दिवस बोलला नाही, असं तू लिहिलंयस. तो पॉइंट्स विकत घ्यायला निघाला आहे त्यात हिशेब कमी आणि हे दुःख जास्त आहे, असं मला वाटतं.

म्हणूनच पॉइंट्स आत्ता घेऊ नका. हे मी ठामपणे सांगते. हा वर्षानुवर्षांचा करार आहे. क्लब 1991 मध्ये सुरू झाला. त्यातले जुने करार 2042 ला संपतात, नवे 2060 च्याही पुढे जातात. तुम्ही गेलात किंवा नाही गेलात तरी देखभालीचे पैसे दर वर्षी भरावे लागतात, आणि ते वाढत जातात. सुट्टीवर असताना, मुलं खुशीत असताना तर सही मुळीच करायची नाही. झालीच, तर फ्लोरिडाच्या कायद्याने करार रद्द करायला दहा दिवस मिळतात, एवढं लक्षात ठेव. घरी या, वर्ष जाऊ द्या, मग कागद-पेन घेऊन दोघं बसा.

आता तुझं. लाइटनिंग लेनचं, म्हणजे राइडची लांब रांग टाळायच्या वाटेचं, बुकिंग सात दिवस आधी सकाळी सातला उघडतं, तेव्हा फोन घेऊन कोण बसतं? औषधं, रेनकोट, धाकट्याचे जास्तीचे मोजे कोण भरतं? पत्रावरून तरी तूच. मग ती सुट्टी तुला सुट्टी वाटत नाही, यात तुझं काहीही चुकत नाही. पुढच्या खेपेला बुकिंग त्याच्याकडे दे आणि चुकलं तर चुकू दे. एक सकाळ हॉटेलात एकटी झोप.

आणि सातारा. गेली तीन वर्षं तू त्याच्याशी पार्कच्या पैशावरून भांडते आहेस. "मला आईकडे जायचंय" हे वाक्य मात्र तू त्याला सरळ म्हटल्याचं पत्रात कुठेच नाही. ज्या ओढीने तो दर डिसेंबरला तिकडे धावतो, तीच ओढ तुला आहे, आणि तुझी आई आज हयात आहे. ही गोष्ट तो समजू शकणार नाही असं मला वाटत नाही. उलट इतर कुणापेक्षा त्यालाच ती लवकर समजेल. रजा दोघांचीही मोजकी आहे, त्यामुळे दोन्ही एका वर्षात बसणार नाही. तेव्हा या डिसेंबरची साताऱ्याची तिकिटं आधी काढा, चौघांची, निदान तीन आठवड्यांची. पार्क पुढच्या वर्षी. मुलं रुसतील. रुसू देत, आजीच्या घरी पोचल्यावर दोन दिवसांत विसरतील.

पण त्याच्याशी बोलताना सुरुवात पैशापासून करू नकोस. संध्याकाळी मुलं झोपल्यावर किल्ल्यासमोरचा सासूबाईंचा साडीतला फोटो काढ आणि त्या तिथे काय बोलायच्या, कुठल्या बाकावर बसायच्या, ते त्याला विचार. त्याला पोटभर बोलू दे. मग तुझ्या आईचं सांग.

तिकिटं काढलीस की मला कळव.

तुझी,
मावशी