सिलिकॉन नंतर, तक्रार आधी

प्रश्न : मी इंदूरला सुदामा नगरात राहते. घरातल्या एका खोलीत तबल्याचे वर्ग घेते, थोडं रेकॉर्डिंगही करते. बाल्कनीकडे 8 बाय 7 फुटांचं ‘साउंडप्रूफ’ स्लायडिंग दार 1 लाख 40 हजारांना बसवून घेतलं. ‘काम समाधानकारक’ या कागदावर सही करून शेवटचे 40 हजारही दिले. पण आवाज होता तसाच बाहेर जातो. बिल आणि फोटो सोबत पाठवते. तिसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार केली. ‘येतो, करून देतो’ असं ऐकण्यात 22 महिने गेले. आता दुसऱ्या माणसाकडून सिलिकॉन मारून घेऊ, की केस करू?

उत्तर : ताई, सिलिकॉनची ट्यूब अजून उघडू नका. आधी तारखा बघा. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69 : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हायला हवी. तुमचा तिसऱ्या दिवसाचा मेसेज हाच तुम्हाला दोष कळल्याचा पुरावा, म्हणजे मुदत तिथूनच धावते आहे. समोरच्याची आश्वासनं किंवा तुमचे पुढचे मेसेज यांनी ती थांबत नाही. दारं, मॉड्यूलर किचन, वॉटरप्रूफिंग, सगळ्या प्रकरणांत लोक इथेच फसतात. दोन वर्षं गोड बोलण्यात काढणं हा समोरच्याचा सर्वांत स्वस्त बचाव असतो. उशीर माफ करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती आयोगाच्या मर्जीवर. तिच्या भरवशावर राहू नका. वकिलाची नोटीस सक्तीची नाही. द्यायचीच तर 15 दिवसांची द्या आणि उत्तराची वाट न बघता तक्रार तयार ठेवा.

तुमचा राग समजतो, पण ‘काम समाधानकारक’ या कागदावर सही करून शेवटचे 40 हजार एकदाही दार बंद करून तबला न वाजवता का दिलेत? समोरचा हाच कागद पुढे करेल. त्याला उत्तर म्हणून दाराचा दोष आहे तसा दिसायला हवा, म्हणूनच सिलिकॉन थांबवा. तुमच्या फोटोत तो स्पष्ट दिसतो : दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथली ऊलपाइलची, म्हणजे ब्रशची, पट्टी खालच्या ट्रॅकच्या दोन सेंटिमीटर वरच संपली आहे आणि तिथून बाल्कनीतला उजेड आत येतो. सगळ्या कडांना आणि मधल्या जोडावर मिळून 37 फूट लांबीची फट आहे. ती सरासरी 2 मिलिमीटर धरली तरी दाराच्या क्षेत्रफळाच्या 0.4 टक्क्याहून जास्त भरते, आणि एवढी फट असली की काच कितीही जाड लावा, दार साधारण 23-24 डेसिबलपलीकडे आवाज अडवू शकत नाही. शिवाय बिलात 4-12-4 डबल ग्लास लिहिलंय, म्हणजे 4 मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये 12 मिलिमीटर हवा. ती उष्णतेसाठी बरी. पण दोन्ही काचा सारख्या आणि मध्ये एवढीच हवा असली की 250 हर्ट्झच्या आसपास ती जोडी स्वतःच थरथरते. तबल्याचा सूर त्याच पट्ट्यात येतो.

येत्या आठवड्यात हे करा. रात्री खोली अंधारी करून बाहेरून टॉर्च फिरवा आणि आतून एकसंध, न कापलेला व्हिडिओ घ्या. बंद दारात ठिकठिकाणी कागदाची पट्टी अडकवून ओढा; सहज निघाली तर तिथे सील दाबत नाही. स्पीकरवर एकसारखा आवाज लावून, अ‍ॅकॉस्टिक सल्लागाराकडून आत आणि बाहेर मीटरने मोजणी करून घ्या, लेखी अहवालासह. बसवलेलं दार प्रयोगशाळेत पाठवता येत नाही, म्हणून तक्रारीतच जागेवर तज्ज्ञ पाठवण्याची विनंती करा. ती मान्य होईलच असं नाही. तेव्हा स्वतःचा अहवाल हवाच. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडा. मूळ मेसेज पुसू नका, फोन बदलू नका.

बाकीचं सोपं आहे. बिलावर ‘वाद अहमदाबाद न्यायालयात’ छापलं असलं तरी तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्याने शुल्क शून्य. वर्ग चालवता म्हणून ‘व्यावसायिक वापर’ असा आक्षेप येईल. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून हे काम करते, असं वाक्य तक्रारीत आणि शपथपत्रात घाला. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस, जास्तीत जास्त आणखी 15. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ही मर्यादा पक्की केली आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि त्याचा मलाही संताप येतो, पण वेळेत दाखल केलेली तक्रार निदान जिवंत राहते. पूर्ण पैसे परत मिळतील की काही भाग, हे अहवालावर ठरेल.

तज्ज्ञाची पाहणी झाली, की दुरुस्ती करा. चौकट आणि भिंत यांमधल्या फटीत आधी फोमची दोरी, वर न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. आंबट वासाचं नको, ते लॅमिनेटेड काचेच्या, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या दुहेरी काचेच्या, कडा खराब करतं. पल्ल्यांची फट मात्र सिलिकॉनने बुजत नाही, तिथे दाबून बसणारं सील लागतं. ते साध्या स्लायडिंगला नसतं, लिफ्ट-अँड-स्लाइडला, म्हणजे सरकवताना उचललं जाणाऱ्या आणि बंद केल्यावर खाली दाबून बसणाऱ्या दाराला, असतं. परवडत असेल तर आतून, 10 सेंटिमीटर अंतर ठेवून, ईपीडीएम गॅस्केटची (रबरी सीलची) बिजागरीची दारं लावा. काच 6 अधिक 6 लॅमिनेटेड, मध्ये 1.52 मिलिमीटरचा थर. आणि या वेळी कोटेशनमध्ये ‘साउंडप्रूफ’ऐवजी जागेवर मोजलेले डेसिबल लिहून घ्या, आणि मोजणी होईपर्यंत 20 टक्के रक्कम हातात ठेवा.