किती दिवस आहेस?

‘मावशी, मी २४ वर्षांची, नौपाड्यात वाढलेली. लहानपणी उपवनच्या तलावाकाठी रोलर स्केट्स घालून फिरायचे. कॉलेजात असताना गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स केला आणि तिथून क्रॉस कंट्रीकडे, म्हणजे बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतींकडे वळले. पाच वर्षं झाली, नोव्हेंबर ते मार्च मी घरी नसते. कधी गुलमर्ग, कधी औली, पैसे जमले की युरोप, रँकिंगचे गुण मिळवायला. एरवी पहाटे येऊरच्या रस्त्यावर रोलर स्की, म्हणजे चाकं लावलेली स्की. गेल्या आठवड्यात परत आले. रात्री तीनला विमानतळावरून एकटीच टॅक्सीने आले, उगाच कुणाची झोपमोड नको. माझ्या कपाटात आता वहिनीच्या साड्या आहेत, पलंगाखाली कुरडयांचे डबे. सकाळी आईने चहा दिला तो पाहुण्यांच्या काचेच्या कपात. दादाने पहिला प्रश्न विचारला, “किती दिवस आहेस?” त्याचा साखरपुडा माझ्याविना झाला. आजी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेही मला ११ दिवसांनी कळलं, कारण “तुझी शर्यत होती ना.” तिकडे मी एकटी, इकडे पाहुणी. वर बाबांच्या पीएफचे पैसे माझ्यावर चाललेत. सोडून देऊ का हे सगळं? बाकी तब्येत ठीक. चार महिने पाळी आलेली नाही, पण प्रवासात ते एका परीने बरंच पडलं.
– बर्फातली ठाणेकर’

बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा तुझ्या शेवटच्या ओळीपाशी अडकले. म्हणून आधी तेच बोलते.

चार महिने पाळी न येणं बरं पडत नाही. तासन्‌तास सराव, त्यात थंडी, आणि पोटात जाणारं अन्न त्या मानाने कमी, असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर आपली काही कामं बंद करायला लागतं. पाळी त्यातलीच एक. त्यासोबत इस्ट्रोजेन उतरतं, हाडं विरळ होतात, आणि एखाद्या दिवशी पडण्याचं निमित्तही न होता नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेला असतो. तुझं वय हाडं भरायचं आहे. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घे. त्यांना नुसतं ‘पाळी चुकली’ एवढंच सांगू नकोस. रोज किती तास सराव असतो, दिवसभरात काय खातेस, हिवाळ्यात वजन किती उतरलं, सगळं सांग. थायरॉइडसारखी दुसरी कारणंही त्या तपासतील. गोळी देऊन पाळी आणता येते, पण कारण सापडल्याशिवाय तेवढ्यावर समाधान मानू नकोस. आणि खेळाडूंच्या आहाराची माहिती असलेला आहारतज्ज्ञ गाठ.

तुझ्या खेळात हे नवीन नाही. अमेरिकेची जेसी डिगिन्स तुला माझ्याहून जास्त माहीत असेल. तिने आणि किकन रँडलने २०१८ मध्ये प्याँगचांगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण मिळवलं, क्रॉस कंट्रीतलं अमेरिकेचं पहिलं. याच डिगिन्सने खाण्याशी असलेलं आपलं झगडणं जाहीरपणे सांगितलं आहे, आणि ते पुन्हा उलटलं तेव्हा तेही लपवलं नाही. तुला तोच त्रास आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून ते कळणारही नाही. पण इतक्या वरची मुलगी उघड बोलू शकते, तर तू डॉक्टरांच्या बंद खोलीत नक्कीच बोलू शकतेस.

आता मला सांग, आईला हे सांगितलंयस? नसणारच. पत्राच्या शेवटी, जाता जाता, एका अनोळखी बाईला सांगितलंस त्यावरूनच कळतं. मग आजीचं ऑपरेशन त्यांनी तुझ्यापासून लपवलं म्हणून तुझा जीव दुखावला, त्याच चुलीवर तूही तेच शिजवते आहेस. ‘मजेत आहे, जेवले, थंडी आहे पण ठीक आहे.’ तुझा रोजचा फोन असाच असणार, मी पैजेवर सांगते. तू त्यांना काळजी नको म्हणून गाळून सांगतेस, ते तुला शर्यतीत विघ्न नको म्हणून गाळून सांगतात. पाच वर्षं हे चाललं की काचेचे कप बाहेर निघतात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमचे हे मर्चंट नेव्हीत होते. सहा-सहा, आठ-आठ महिने जहाजावर. मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला. बारा दिवस दवाखान्यात होता, आणि त्याच काळात मी यांना लिहिलं होतं, ‘इकडे सगळं छान, तळ्यावर गणपतीला खूप गर्दी होती.’ हे घरी आले आणि चौथ्या दिवशी विम्याचे कागद शोधताना दवाखान्याची फाइल हाताला लागली. कॉटवर बसून त्यांनी एकेक कागद वाचला, तापाचा तक्तासुद्धा. ओरडले नाहीत. फाइल मिटून म्हणाले, ‘म्हणजे या घरात मी फक्त पैसे पाठवायला आहे.’ मी त्यांच्या काळजीपोटी लपवलं होतं, पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. पुढच्या फेरीपासून आम्ही ठरवलं, दोन्हीकडून सगळं लिहायचं. गळका नळ, मुलाचे गणितातले मार्क, जहाजावरची भांडणं, सगळं. पत्रं रटाळ झाली. पण ते घरी आले की त्यांना काही विचारावं लागायचं नाही, नळ कोणता ते ठाऊक असायचं.

तेव्हा तुझ्या फोनची वेळ आधी बदल. हिवाळ्यात इटली-ऑस्ट्रियात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा ठाण्यात साडेदहा झालेले असतात. तू दमून खोलीवर येतेस, आई दिवा मालवायच्या बेतात. त्या वेळी दोघींना ‘ठीक आहे’ याखेरीज काय सुचणार? सकाळी सातला कर, सरावाआधी. इकडे साडेअकरा, पोळ्या होऊन ओटा पुसला जातोय, आजी जागी आहे. दहा मिनिटं पुरेत, फक्त त्यात खरं काहीतरी असू दे.

खरं म्हणजे काय? शर्यतीच्या आदल्या रात्री तू तळघरातल्या त्या स्कीच्या खोलीत एकटी इस्त्री तापवून स्कीच्या तळाला वॅक्स लावतेस, गार झालं की पट्टीने खरवडतेस, ब्रश मारतेस. अंगाला, केसांना त्याचा वास. शेजारी नॉर्वेसारख्या संघाची माणसं, ज्यांच्याबरोबर वॅक्सचा अख्खा ट्रक फिरतो आणि खेळाडूला स्कीला हातही लावावा लागत नाही. उद्या बर्फ ओलं असेल की कोरडं याचा अंदाज तुझा तुलाच, आणि तो चुकला तर चढावर पाय मागे घसरतो आणि बायका एकामागून एक पुढे निघून जातात. हे आईला सांग. तिला ग्रिप वॅक्स, म्हणजे चढावर स्की मागे घसरू नये म्हणून लावायचं मेण, कळणार नाही, पण पाय मागे घसरणं कळेल. पारा उणे २० च्या खाली गेला की शर्यतच घेत नाहीत हेही सांग, तिच्या निम्म्या रात्री त्या थंडीच्या विचाराने जात असतील. शेवटून तिसरी आलीस तर तसं सांग. गुण जितके कमी तितकं चांगलं, हे उलटं गणित बाबांना कागदावर मांडून दाखव. पैसे त्यांचे लागलेत, खेळ त्यांना कळायलाच हवा.

दादाच्या साखरपुड्याचं ओझं मात्र उतरव. तू तारीख लिहिली नाहीस, पण मला २०२५ चा मार्च आठवतो. गुलमर्गला बर्फच पुरेसं नव्हतं, म्हणून फेब्रुवारीतले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ ९ ते १२ मार्चवर गेले. तुझ्या खेळाचं वेळापत्रक आकाश ठरवतं. त्यावर लग्नाचे हॉल बांधता येत नाहीत, यात तुझा दोष नाही आणि दादाचाही नाही.

आणि त्याचा प्रश्न एवढा मनाला लावून घेऊ नकोस. ‘किती दिवस आहेस?’ याचं उत्तर दे. ‘ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत’ असं सांग आणि तेवढ्या दिवसांसाठी घरातलं एक काम कायमचं मागून घे. आजीचा व्यायाम घे. खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर धरून दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जाणं म्हणजे काय असतं ते तुझ्याइतकं त्या घरात कुणाला कळणार? वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं न्यायचं, हेच तर तू दिवसभर करतेस. फिजिओथेरपिस्टने दिलेला तक्ता मागून घे, त्यांनी सांगितलंय तेवढंच, रोज दोनदा. आजी तुला चार शिव्या घालेल. पाहुणीला कुणी शिव्या घालत नाही.

कपाटातला एक खण वहिनीकडून सरळ मागून घे, रुसून नको, तिला बिचारीला काय ठाऊक ते कुणाचं होतं. चहा स्वतः उठून स्टीलच्या पेल्यात ओतून घे. पुढच्या वेळी रात्री तीनला दादाला विमानतळावर बोलव. ती माणसाहून लांब स्कीची बॅग घेऊन तू एकटी टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालतेस आणि घरचे झोपलेत, हे पाहुण्यासारखं वागणं तुझंच आहे, पोरी.

राहिला सोडण्याचा प्रश्न. मोसम संपून आठवडा झालाय, अंगात अन्न कमी आहे, पाळी बंद आहे, झोप अजून अर्धी युरोपात आहे. अशा शरीराला विचारून निर्णय घेऊ नकोस. तपासण्या होऊ देत, दोन महिने पोटभर जेव, मग बघ.

पण पैशाचं मात्र लांबवू नकोस. २०१४ ला सोचीला गेलेला नदीम इक्बाल, २०१८ ला प्याँगचांगला गेलेला जगदीश सिंग, हे आपले क्रॉस कंट्रीचे ऑलिम्पिकपटू लष्करातले. त्यांच्या मागे पलटण होती, पगार होता. तुझ्या मागे बाबांचा पीएफ आहे, आणि त्याला तळ आहे. एका रविवारी बाबांसमोर वही घेऊन बस. तिकिटं, राहणं, वॅक्स, पोल, प्रवेशशुल्क, सगळं लिही. त्यांनाच विचार, आणखी किती मोसम झेपतील? तो आकडा त्यांच्या तोंडून येऊ दे. एक म्हणाले तर एक, दोन म्हणाले तर दोन. मग त्यापुढचं शिक्षण किंवा नोकरी यांचा फॉर्म याच उन्हाळ्यात भरायला घे. मला विचारशील तर, पैशाची मुदत ठरली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तर तू आणखी खेळावंस असं मला वाटतं. ‘सोडून देऊ का’ असं विचारणाऱ्या तुझ्या पत्रात बर्फाला नावं ठेवणारा एक शब्द नाही. कंटाळलीस ती एकटेपणाला.

आणखी एक, येऊरचं. रोलर स्कीला बहुधा ब्रेक नसतो. चढ खुशाल चढ, पण उतारावर ती काढून हातात घे आणि चालत खाली ये. पहाटे त्या वळणांवर फिरायला आलेले म्हातारे असतात, कुत्री असतात, आणि अंधारात तुला कुणी बघत नाही. पाठीवर चमकणारी पट्टी लाव.

डॉक्टरांकडे आईला घेऊन जा. तिला आधी काही समजावत बसू नकोस, तिच्यासमोरच सगळं बोल. परत आलात की काय निघालं ते मला दोन ओळींत कळव. मी वाट बघते आहे.

तुझी,
मावशी