खेळणाऱ्याचा अंगठा बघ

प्रिय बेटा,

तुझ्या गेमची बिल्ड, म्हणजे फोनवर खेळता येईल अशी कच्ची आवृत्ती, मिळाली. मी स्वतः खेळण्याआधी शेजारच्या सातवीतल्या मुलाच्या हातात फोन दिला आणि बाजूला गप्प बसलो. दुसऱ्या खड्ड्यापाशी पोरगा अडला. पडायचा, परत यायचा, परत पडायचा. डबल जंप, म्हणजे हवेत असतानाच दुसरी उडी, कशी मारायची ते तू लिहिलं आहेस, पण ती ओळ खाली उजव्या कोपऱ्यात येते, नेमकी त्याच्या अंगठ्याखाली. अंगठा उचलेपर्यंत ती गायब! शेवटी फोन परत देत म्हणाला, "काका, लई हार्ड आहे."

तुझा गेम मुळीच हार्ड नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून सगळे अडथळे काढून टाकायचे असतात. गेममध्ये अडथळ्यातच मजा असते. खड्डा तू मुद्दाम ठेवलास, तो राहू दे. उडी कशी मारायची हेच न कळणं मात्र तू ठेवलेलं नव्हतं. या दोहोंतला फरक ओळखणं हे गेममधल्या यूएक्सचं, म्हणजे खेळणाऱ्याचा अनुभव घडवण्याचं, मुख्य काम, आणि ते पहिल्या कच्च्या लेव्हलपासून करायचं असतं. मेनू रंगवायची वेळ येईपर्यंत थांबलीस तर फार उशीर होतो.

१९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम काढून पहिला पडदा नीट बघ. मारिओ डावीकडे, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे जायचं कुठे ते कळलं. लगेच समोरून गुंबा हा छोटा शत्रू चालत येतो आणि उडी मारणं भाग पडतं. सूचनेचा एक शब्द नाही. तुझी ती ओळ काढ आणि आधी असा खड्डा दे, जिथे पडलं तरी जीव जात नाही.

दुसरं, उडीबद्दल. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेम उडी मान्य कर. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र; सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम जेमतेम १७ मिलिसेकंदांची. ही सवलत खेळणाऱ्याला दिसत नाही, पण 'मी तर वेळेवर दाबलं होतं' ही चिडचिड थांबते. 'सेलेस्ट' हा उड्यांचाच गेम एवढा अवघड, तरी त्यातही ही सवलत आहे. शिवाय ज्याला झेपत नाही त्याला वेग कमी करायची सोयही त्यात आहे. त्याने गेमची इज्जत जराही कमी झाली नाही.

मराठी मजकूर तपासलास का? तू गेम बनवतेस त्या युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये, म्हणजे अक्षरं दाखवणाऱ्या भागात, नुसता देवनागरी फॉन्ट टाकून भागत नाही. तुझ्या 'किल्ला'ची वेलांटी क-च्या आधी यायची ती नंतर गेली आहे आणि 'ल्ला' फुटला आहे. मराठी गेम मराठी पोराला वाचता येऊ नये, हे मला फार लागतं. हे सगळ्यात आधी दुरुस्त कर.

रंगांचंही बघ. काळ्यावर करडी अक्षरं तुझ्या खोलीत छान दिसतात. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना नागपुरात सीताबर्डीच्या रस्त्यावर फोन उघड, काहीच दिसणार नाही. लाल आणि हिरव्या चाव्यांना आकारही वेगळे दे, सगळ्यांनाच तो फरक दिसत नाही.

आता नवी बिल्ड तुझ्या आईला खेळायला दे. ती विचारेल, "आता काय करू?" उत्तर देऊ नकोस, बोटही दाखवू नकोस. हात कुठे थांबला, नजर कुठे शोधत होती, तेवढं वहीत टिपून घे आणि रविवारी ती वही घेऊन ये.

अनेक आशीर्वाद.