आधी ती फाईल रिकामी करा

ताई,
मी चार वर्षं मित्रांसाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा खेळ चालवतोय: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, आणि पाच खेळाडू. आधी दर शनिवारी बसायचो. मग नोकऱ्या बदलल्या, लग्नं झाली. या वर्षात फक्त तीन सेशन झाली, शेवटचं १० आठवड्यांपूर्वी. माझी तयारी कधी कमी पडत नाही. दर वेळी आधीच्या भागाचा तीन पानी सारांश पाठवतो, कुणी वाचत नाही. (सगळ्यांच्या कॅरेक्टर शीट, म्हणजे ज्याच्या त्याच्या पात्राची ताकद, जखमा, सामान लिहायचे कागद, माझ्याच फाईलमध्ये असतात, एकाने हरवली होती म्हणून. दीड वर्षाने सगळ्यांची पात्रं पाचव्या लेव्हलला, म्हणजे ताकदीच्या पाचव्या पायरीला पोचली तेव्हा वेळ वाचावा म्हणून नव्या शक्ती निवडून त्या मीच भरून ठेवल्या.) खरा प्रश्न आमच्या जादूगाराचा, म्हणजे ते पात्र खेळणाऱ्या मित्राचा आहे. बाळ झाल्यापासून तो आदल्या दिवशी ‘जमत नाही’ कळवतो. गोष्ट सगळ्यांची आहे, त्यामुळे एक जण नसला की आम्ही रद्द करतो. त्याला काढावं का? की खेळच बंद करावा?
– थकलेला डीएम

थकलेले डीएम,

तुमचं पत्र मी कापून छापलंय. मूळ पत्रात जादूगारावर दीड पान आहे आणि फाईलवर दोन ओळी, त्याही कंसात. मी त्या कंसात अडकले आणि अजून बाहेर आलेले नाही.

पाचवी लेव्हल म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायचं? लढवय्या एका पाळीत दोनदा वार करायला लागतो. जादूगाराला तिसऱ्या पातळीची स्पेल्स (मंत्र) मिळतात, म्हणजे आजवर ठिणग्या उडवणारा माणूस एकदम खोलीभर आग लावू शकतो. लोक याची वाट बघतात. तुमचे पाच जण दीड वर्ष वाट बघत होते. आणि तुम्ही एका रात्री बसून पाचही शीट भरून टाकल्यात, वेळ वाचावा म्हणून. वाचलेल्या वेळाचं पुढे काय केलंत?

जादूगाराच्या शीटवर तुम्ही फायरबॉल, तो आग लावणारा मंत्र, लिहिलात. तो बघून ‘हं, चालेल’ म्हणाला, असंही दीड पानात एका जागी आहे. निवड शहाणपणाची आहे, दहातले आठ जण तेच घेतील. पण बाळाला मांडीवर झोपवत रात्री दोन वाजता तो माणूस महिनाभर ठरवत बसला असता, फायरबॉल घेऊ की उडायची विद्या घेऊ. महिनाभर! एकही सेशन न होता तो महिनाभर खेळला असता. ते तुम्ही दहा मिनिटांत उरकलंत आणि आता मला विचारताय की त्याचं लक्ष का नाही.

दर शनिवारी खेळत होतात तेव्हा फाईल तुमच्याकडे असल्याने काही बिघडत नव्हतं. सात दिवसांत कुणी काही विसरत नाही. आता हिशोब करा. वर्षात तीन सेशन, चार-चार तासांची धरली तर १२ तास. बाकीचं सगळं वर्ष खेळ असतो कुठे? तुमच्या कपाटात. तुमच्याकडे नकाशे आहेत, खलनायकाचे बेत आहेत, पाच जणांच्या शीट आहेत. तुम्ही रोज खेळताय हो. त्यांच्याकडे एक तारीख आहे फक्त, तीही रद्द होणारी.

मी स्वतः एक चोर खेळते. आमचं टेबलही वर्षातून तीनदा-चारदाच भरतं. माझी शीट माझ्या टेबलाच्या खणात असते. जखमांचे आकडे लिहायच्या चौकटीत खोडून खोडून कागदाला भोक पडलंय. वीजबिल शोधताना ती हाताला लागते आणि मी पाच मिनिटं ते सोडून चोराच्या झोळीत काय-काय आहे ते वाचत बसते. त्यात एक किल्ली आहे. कुलूप कुठलं, आठवत नाही. पुढच्या वेळी विचारणार आहे. मला त्या टेबलाकडे ओढून नेणारी गोष्ट एवढीच आहे, आमच्या डीएमची तयारी नव्हे. (तो तयारी करतच नाही. पण ते वेगळं दुखणं.)

सारांशाचंही तेच. तीन पानं तुमच्या भाषेत, तुम्हाला महत्त्वाचं वाटलं ते. ज्याने दार फोडलं त्याला आठवतं ते दार, आणि तुम्ही लिहिलेलं असतं दारामागच्या राजघराण्याचं. पाठवणं बंद करा. बसल्यावर विचारा, ‘मागच्या वेळी काय झालं होतं?’ ते चुकीचं सांगतील. सांगू द्या, भांडू द्या.

तर या आठवड्यात एकच काम. फाईल उघडा आणि पाचही शीट ज्याच्या त्याला देऊन या. फोटो काढून पाठवू नका, कागद हातात द्या. एखादा लांब गेला असेल तर टपालाने पाठवा. हरवतील? एखादी हरवेल. मग तो आठवून नवी लिहील, आणि आठवताना पुन्हा खेळेल. तुम्ही कुणाच्या वह्या तपासायला बसलेले नाही.

शीट देताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: ‘मधले ७० दिवस तुझा माणूस काय करत होता?’ ही युक्ती माझी नाही. डेव्ह आर्नसनबरोबर हा खेळ रचणाऱ्या गॅरी गायगॅक्सने डीएमसाठी १९७९ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात हा हिशोब आहे: खेळ होत नसेल तेव्हा खरा एक दिवस म्हणजे गोष्टीतलाही एक दिवस. तुमचे १० आठवडे तिकडेही गेले. एकीने तलवारीला धार लावली असेल, एक कर्जात बुडाला असेल. उत्तर एका ओळीचं आलं तरी ते गोष्टीत घ्यायचं, ही अट तुमच्यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, ते ७० दिवस कुठून आणू, मागचं सेशन तर थडग्याच्या दारात थांबलंय, आत राक्षस उभा आहे. मग काढा त्यांना तिथून. दार बंद होतं, ते गावात परततात, संपलं. थरारक जागी थांबणं दर शनिवारी भेटणाऱ्यांना परवडतं. अडीच महिन्यांनी भेटणाऱ्यांनी प्रत्येक सेशन घरी पोचूनच संपवायचं. तुमचा रंगलेला प्रसंग वाया जाईल, त्याचं मला विशेष वाईट वाटत नाही.

आणि शीट ज्याच्या त्याच्या घरी गेली की ‘एक नसला की रद्द’ हे आपोआप सुटतं, कारण ज्याची शीट घरी, त्याचा माणूसही घरी. जादूगार आला नाही तर तो गावात आहे, पोथ्या चाळतोय. त्याला काही होत नाही, आणि त्याच्या वतीने तुम्ही फासे टाकत नाही. सगळे हवेतच हा हट्ट या खेळात मुळात नव्हता. १९७४ च्या पहिल्या नियमांत एका कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या एका गोष्टीला, ४ ते ५० खेळाडू चालतील असं लिहिलंय, आणि एका डीएममागे साधारण २०. पन्नास माणसं एका वेळी एका टेबलाभोवती बसत नव्हती. जे आले ते खेळले.

तुम्ही गणिताचे दिसता, म्हणून हेही घ्या. प्रत्येक जण पाचांतल्या चार वेळा मोकळा असतो असं धरलं, आणि एकाची अडचण दुसऱ्याला लागत नाही असंही, तरी पाचही जण एकाच दिवशी जमण्याची शक्यता शंभरात ३३. तिघं आले की खेळायचं ठरवलंत तर तीच शंभरात ९४. बाळ नसतं तरी तुमचं गणित फसलंच असतं. दीड पान उगाच लिहिलंत.

त्याला काढू नका. शीट द्यायला मात्र पहिल्यांदा त्याच्याकडेच जा. खेळाचं भवितव्य, आपली मैत्री, हे विषय काढू नका, तो झोपेत असेल. दारातूनच द्या आणि परत या. आणि निघण्याआधी घरी एक काम करा: खोडरबर घ्या, तो फायरबॉल खोडा आणि ती ओळ कोरी ठेवा.