'फ्रोजन' म्हणजे नक्की काय गोठलं?

प्रश्न असा: पूलचा, म्हणजे टेबलावर काठीनं पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल पॉकेटमध्ये घालायच्या खेळाचा, सामना चालू असताना रेफरी मध्येच टेबलाशी वाकतो, एखाद्या बॉलकडे निरखून बघतो आणि 'फ्रोजन' म्हणतो. गोठलं काय? आणि समोरच्या खेळाडूला डोळे असताना हे ओरडून सांगायचं कशाला?

गोठलेलं काहीच नसतं. बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, टेकलेला आहे एवढाच अर्थ. इंग्रजीत गंजून जाम झालेल्या बोल्टलाही 'फ्रोजन' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मराठीत 'गोठलेला' म्हटलं तर कुल्फीच आठवेल. कॅरम खेळताना आपण 'सोंगटी काठाला चिकटलीय' म्हणतो, ते इथे चालेल. मला स्वतःला 'खेटलेला' बरा वाटतो. 'चिकटलेला'त उगाच डिंक येतो.

ओरडण्याचं कारण नियमात आहे. पूलमध्ये पांढरा बॉल आधी योग्य बॉलला लागला पाहिजे आणि त्यानंतर एकतर कुठला तरी बॉल पॉकेटमध्ये गेला पाहिजे, नाहीतर निदान एखादा बॉल कुशनपर्यंत पोचला पाहिजे. यातलं काहीच झालं नाही तर फाउल, आणि प्रतिस्पर्ध्याला पांढरा बॉल हवा तिथे ठेवून खेळायला मिळतो. आता समजा, बॉल कुशनपासून केसभर लांब आहे. त्याला हलकेच टुचकारलं, तो कुशनला लागला, शॉट वैध. पण तो आधीपासूनच टेकलेला असेल तर? मग तो कुशनला 'पोचला' असं म्हणता येत नाही. तो तिथून सुटून परत यायला हवा, किंवा दुसऱ्या कुशनला जायला हवा, किंवा दुसरा एखादा बॉल कुशनला लागायला हवा.

सगळा खेळ त्या केसभर फटीचा, आणि शॉट मारला की फट होती की नव्हती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून निवाडा आधी. रेफरी वाकतो तोही उगाच नाही. कुशनची धार बॉलच्या मध्यापेक्षा जरा वर टेकते, बॉलचं पोट तिच्याखाली सरकलेलं असतं, त्यामुळे उभ्यानं वरून बघितलं तर बारीक फट दिसतच नाही.

पण शब्दांच्या दृष्टीनं खरी गंमत पुढे आहे. कोणी 'फ्रोजन' म्हटलं नाही, तर बॉल प्रत्यक्षात टेकलेला असला तरी नियम तो टेकलेला नाही असंच धरून चालतो! म्हणजे हा शब्द नुसतं वर्णन करत नाही, उच्चारल्यावरच लागू होतो. म्हणून इथे 'सांगणे'पेक्षा 'पुकारणे' हे क्रियापद चपखल. आपल्या खो-खोतही नुसता पाठीला हात लावून भागत नाही, तोंडानं 'खो' म्हणावं लागतं.

नाइनबॉल या पूलच्याच प्रकारातल्या 'दोन फाउल' या पुकाऱ्याचंही तसंच. लागोपाठ तीन फाउल केले की तो डाव हातचा जातो. पण दुसऱ्यानंतर खेळाडूला तशी ताकीद दिली नसेल, तर तिसरा फाउल दुसराच मोजतात. लिलावातलं 'एक वार, दोन वार' आठवा.

स्नूकरमधला 'टचिंग बॉल' मात्र यात मिसळू नका. तिथे कुशनचा संबंध नाही. पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला टेकलेला असतो, आणि त्या बॉलला न हलवता पांढरा तिथून दूर मारायचा असतो.

मराठीत या पुकाऱ्यांना रुळलेले शब्द नाहीत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, तरी टेबलाभोवतीची आपली बोली इंग्रजीच राहिली. क्लबात रेफरी नसतो तेव्हा हा पुकारा खेळणाऱ्यानं किंवा प्रतिस्पर्ध्यानं करायचा असतो. तेव्हा 'फ्रोजन' म्हणा, 'खेटलाय' म्हणा, पण शॉटच्या आधी म्हणा.