समुपदेशनाने फरक पडतोय, हे कसं ओळखायचं?

दोन महिने समुपदेशन चालू आहे, कधी हलकं वाटतं, कधी सेशनहून घरी येऊन रडू येतं, मग फायदा होतोय का, असं तुम्ही विचारलंय. मी समुपदेशक आहे. हा प्रश्न मनात ठेवून बरेच जण मधूनच येणं बंद करतात, म्हणून तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत.

सेशननंतरच्या रडण्यावरून काही ठरवू नका. वर्षानुवर्षं दाबलेलं बोललं की ती संध्याकाळ जड जाते. मधले सहा दिवस बघा. अंघोळ टळत होती, ती होते का? आईचा फोन उचलता का? साहेब बोलले की पूर्वी तीन दिवस जेवण जात नसेल आणि आता दुसऱ्या दिवशी जात असेल, तर मी त्याला प्रगतीच म्हणेन. वाईट दिवस येतातच, पण सावरायला लागणारा वेळ कमी होत जातो. बहुतेकदा हे घरच्यांना आधी दिसतं.

नैराश्य असेल तर पीएचक्यू-९ ही प्रश्नावली दर काही आठवड्यांनी भरा. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, गुण ० ते २७; गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. साधारण ५ गुण उतरले तर फरक खरा धरतात. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच मोजलं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मानसतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी ६ ते ८ सेशन दिली. २०१७ साली प्रसिद्ध झालेले निकाल असे: तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांचे गुण १० च्या खाली आले, फक्त केंद्रातल्या डॉक्टरांचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. म्हणजे समुपदेशन घेऊनही तिघांतल्या एकाला तेवढ्यात पुरेसा उतार पडला नाही. तुम्ही त्यांच्यात असाल तर स्वतःला कमी लेखू नका.

पुढच्या वेळी सरळ विचारा, "आपण कशासाठी भेटतोय आणि कुठवर आलो?" चांगला समुपदेशक यावर चिडत नाही. गुण हलत नसतील तर पद्धत बदलता येते, औषधांसाठी मानसोपचारतज्ज्ञांचं मत घेता येतं, समुपदेशकही बदलता येतो.

त्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. त्याचं उत्तर 'अजिबात नाही' सोडून दुसरं काहीही असेल तर एकूण गुण कितीही कमी असोत, पुढच्या सेशनची वाट पाहू नका. घरात कुणाला तरी सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.