दगडाला कापड शिवणाऱ्या मुलीचं पुढे काय?

ताई, पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, नदीवरून गोटे नि वाळक्या फांद्या आणते आणि तुमच्या जुन्या साड्यांचे तुकडे त्यावर हाताने शिवून बसवते, तासन्‌तास तेच, आणि तुम्ही विचारताय याचं पुढे काही होतं का की सरळ बी.कॉम.ला घालू. होतं ताई, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या गोल गोट्यावर एकही चुणी नाही, म्हणजे कापड उरेब (विणीला तिरपं) कापलंय तिने, उरेब कापड ताणलं जातं म्हणून गोलाईवर नीट बसतं, हे कोणी न शिकवता जमलं असेल तर पोरीला खरंच समज आहे. असंच काम मोठे कलाकारही करतात, क्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याने १९९८ मध्ये स्वित्झर्लंडला बाझेल शहराजवळ १७८ झाडं कापडात गुंडाळली, तेव्हा आधी झाडांची मापं घेतली, प्रत्येक झाडाचा शिवणाचा पॅटर्न वेगळा काढला, कापड लागलं ५५,००० चौरस मीटर. आणि पैसा? स्वतःची ड्रॉइंग्ज विकून उभा केला, स्पॉन्सर घेतला नाही. पैशाचं हे गणित तिलाही लवकर शिकावं लागेल, कारण नुसत्या कलाकृतींवर सुरुवातीची बरीच वर्षं घर चालत नाही, हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा.

कोर्स ठरवण्याआधी तिला एकच विचारा, तुला जास्त काय आवडतं, कापड की दगडाचा आकार? कापड म्हणाली तर टेक्सटाईल डिझाईन, अहमदाबादची डिझाईन संस्था एनआयडी किंवा फॅशन संस्था निफ्ट, पुढे होम फर्निशिंगमध्ये, एक्स्पोर्ट हाऊसमध्ये नोकऱ्या असतात. आकार म्हणाली तर फाईन आर्टला शिल्पकला, मुंबईचं जेजे कला महाविद्यालय, बडोद्याचं एमएस विद्यापीठ. पण डिग्रीच्या नावावर फार अडू नका, शिल्पकार मृणालिनी मुखर्जी बडोद्याला पेंटिंग शिकल्या आणि नाव झालं ते तागासारख्या दोरांना गाठी मारून केलेल्या मोठमोठ्या शिल्पांमुळे.

एनआयडीचे फॉर्म बहुतेक बारावीच्या वर्षातच, बोर्डाच्या आधी निघतात, तेव्हा साइटवर लक्ष ठेवा आणि बोर्डाचा अभ्यास सुटू देऊ नका. पोर्टफोलिओसाठी (स्वतःच्या कामाचा संग्रह) मात्र आत्तापासून प्रत्येक तुकड्याचे फोटो काढायला सांगा, नुसता तयार झालेला नको, कच्चं रेखाटन, कापलेलं कापड, उलट्या बाजूची टीप, सगळं. फसलेले तुकडे पण फेकू नका, ते का फसले हे तिने दोन ओळीत लिहून ठेवावं, कुठे इंटरव्ह्यू झाला तर तेच सांगायला उपयोगी पडेल.